डेंग्यूचे मूळ नळाच्या वेळापत्रकात

पावसाळा सरत आला की परभणीत धूरफवारणीची चर्चा सुरू होते आणि ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असे नागरिकांना बजावले जाते. सूचना शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या घराला पुढचे पाणी केव्हा येणार याची शाश्वती नाही, त्याने भरलेले पिंप ओतून द्यावे कसे? डेंग्यूच्या प्रतिबंधाचा विचार या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे.

डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती डास मुख्यतः घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी रांजण, हौद वा टिपाडाच्या आतल्या बाजूस, पाण्याच्या कडेशी अंडी घालते. अनुकूल हवेत अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. ही मादी दिवसा चावते आणि घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दडून बसते. रस्त्यावरचा धूर तिच्यापर्यंत फारसा पोचत नाही, आणि पाण्यातल्या अळ्या तर त्याने मरतच नाहीत.

आता दुसरा हिशेब पाहा. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाचे पाणी परभणी शहराला मिळते. २०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तरीही नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये कित्येक दिवस जातात. हा खंड आठवड्यापलीकडे गेला की उघड्या साठवणीत डासांची एक पिढी पूर्ण होऊ शकते. ज्याच्याकडे बोअर आणि झाकणाची टाकी आहे, त्याचे निभावते. एका खोलीत चार उघडी भांडी मांडून राहणाऱ्या हमालाच्या वा मोलकरणीच्या वाट्याला तापाबरोबर बुडालेली मजुरी, तपासण्यांचा खर्च आणि कर्जही येते. पालिकेने वाचविलेला खर्च असा गरिबाच्या नावे पडतो.

लोक निष्काळजी आहेत, असे अधिकारी म्हणतात. टायर, कूलर, कुंड्या यांबाबत ते काही अंशी खरेही आहे. परंतु एका घराची दक्षता शेजारच्या उघड्या टिपाडाने वाया जाते. म्हणूनच हे काम सार्वजनिक यंत्रणेचे ठरते. क्यूबात १९८१ च्या साथीत ३,४४,२०३ रुग्ण झाले आणि १५८ माणसे दगावली. त्यांत १०१ मुले होती. त्यानंतर तिथे घरोघर तपासणीची मोहीम उभी राहिली आणि १९९७ पर्यंत डेंग्यूची साथ आली नाही. त्या वर्षी सांतियागोत ती पुन्हा उद्भवली. हे काम एकदा करून संपत नाही, असा त्याचा अर्थ.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रभागवार पाण्याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि दोन पाळ्यांमध्ये पाच दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये. गरीब वस्त्यांना भांड्यांची झाकणे द्यावीत, मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावेत. अळ्यांच्या तपासणीसाठी बारमाही, कायम कर्मचारी नेमावेत. रोज पाणी हे अंतिम उद्दिष्ट आहेच. पण ठरल्या दिवशी पाणी आले, तरी कोरडा दिवस पाळणे शक्य होईल.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत नळ कोणत्या तारखेला आला याची वही आजपासून ठेवावी. दोन महिन्यांच्या नोंदी घेऊन आयुक्तांसमोर गेलो, तर निष्काळजी कोण, याची चर्चा पुराव्यानिशी करता येईल.