अनुशेष कुणाचा, शिक्षा कुणाला?

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले, की परंडा, भूम, उमरगा, लोहारा येथील कितीतरी पदवीधर आपल्या पर्सेंटाइलचा आकडा घरच्यांपासूनही लपवू पाहतात. अर्ज करावा की करूच नये, या विवंचनेत ते सापडतात. त्या आकड्याला ‘गुणवत्ता’ हे भारदस्त नाव दिले गेल्यामुळे, कमी आकडा म्हणजे कमी प्रतीचा माणूस, हे समीकरण त्यांनी स्वतःही मान्य केलेले असते. उलटतपासणी व्हायला हवी ती या समीकरणाची.

परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण मागे राहिले, एवढेच पर्सेंटाइल सांगतो. कोण कोठून धावत निघाला, हे तो सांगत नाही. आयआयएमच्या 2024 च्या ‘कॅट’मध्ये 68 पैकी 24 प्रश्न इंग्रजी भाषा व आकलनाचे होते, उरलेलेही इंग्रजीतच. राज्याच्या एमबीए सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी 45 सेकंद! जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा प्रश्न मनात मराठीत आणतो न आणतो तोच वेळ संपते. पुण्याचा शिकवणीवर्ग ज्याला परवडतो, तो हा वेगच विकत घेतो.

या तफावतीला महाराष्ट्राच्या अर्थकारणात एक रोखठोक शब्द आहे: अनुशेष. वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 साली तो क्षेत्रवार मोजून दाखवला. 2018 साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, समावेश केला. ज्या जिल्ह्याला राज्यसंस्था स्वतः मागास ठरवते, त्याच जिल्ह्यातील तरुणाला परीक्षेच्या दारात ती बजावते, ‘नियम सर्वांना सारखा!’ सरकारने थकवलेले देणे असे विद्यार्थ्याच्या नावे मांडले जाते.

परीक्षा नको, तर मग वशिला हवा काय, असे विरोधक विचारतील. प्रश्न रास्त आहे. वशिल्याला चाप लावणारी परीक्षा हवीच. परंतु तिच्या गुणांना परिस्थितीचा हिशेब जोडला पाहिजे. काही आयआयएम निवडीत मुलींना आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना जादा गुण देतात. केवळ परीक्षेचा आकडा पुरेसा नाही, याची ही कबुलीच आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना ‘वंचितता गुण’ देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. तेथे जे चालले, ते महाराष्ट्रात का चालू नये? ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1958 साली उपहासाने प्रचारात आणला. प्रस्थापितांनी तोच बिरुदासारखा मिरवला!

प्रश्न चार तरुणांच्या नोकऱ्यांपुरता नाही. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, तेव्हा ऊसउत्पादक आणि कामगार दोघेही उघड्यावर पडले. सहकार वाचवायचा, तर हिशेब, बाजार आणि कर्ज यांची शास्त्रीय जाण असलेली माणसे याच मातीतून उभी राहिली पाहिजेत. अहमदाबादेत दोन वर्षांसाठी 25 लाखांहून अधिक शुल्क भरणारा पदवीधर ढोकीकडे वळेल कशाला? वळू म्हटले, तरी डोक्यावरचे कर्ज त्याला वळू देणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जेईई मुख्य परीक्षा 2021 पासून मराठीतही होते. एमबीए सीईटीलाही तो पर्याय मिळावा. मागास जिल्ह्यांतील व मराठी माध्यमातील उमेदवारांना वंचितता गुण मिळावेत, तेही सामाजिक आरक्षणाच्या जोडीने, त्याच्या बदल्यात नव्हे. सरकारी खर्चाने तालुक्याच्या ठिकाणी तयारीचे वर्ग चालावेत. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या पदवीधरांना अर्ज भरायला लावावा आणि या मागण्यांचे निवेदन घेऊन त्यांच्यासह जिल्हाधिकारी कचेरीवर जावे. त्या तरुणांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. अनुशेष ज्याने थकवला, मान त्याची खाली गेली पाहिजे.