देव सुटला, 'पदवी' सुटली नाही

"हे कारण नाही, हा राग आहे."

कोलकात्यात बेहालातल्या सखेरबाजारला, एका चहाच्या टपरीवर हे वाक्य मला ऐकवलं गेलं. नोकरीच्या निमित्ताने मराठवाड्यातून इथे आलो, तेव्हापासून ऑफिसातल्या चौघांच्या अड्ड्यात मी पाचवा. पाचही नास्तिक. त्या दिवशी विषय निघाला, कोण कसा नास्तिक झाला? एकाने शाळेतच डार्विन वाचला होता. दुसऱ्याची आई कॅन्सरने गेली आणि त्याचा विश्वास उडाला. तिसऱ्याचे आजोबा कम्युनिस्ट, म्हणजे नास्तिकता वारशातच मिळालेली. चौथा म्हणाला, माणुसकी हाच माझा धर्म.

मी सांगितलं, माझा बाप गावच्या जत्रेत पालखीपुढे हलगी वाजवायचा. पालखी देवळात गेली की तो पायऱ्यांखाली थांबायचा. सात पायऱ्या. त्यातली एकही तो आयुष्यात चढला नाही. म्हणून मी देव सोडला.

त्यावर ते उत्तर आलं. पुढे समजावणीच्या सुरात जोडही मिळाली. पुजारी वाईट निघाला म्हणून देव नाही असं सिद्ध होत नाही. तुझं दुखणं खरं आहे, पण तो तर्क नव्हे.

घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी हे कुठल्या ना कुठल्या शब्दांत ऐकलं असणार. त्यांचं ते तत्त्वज्ञान, आपली ती भावना. माझं म्हणणं सरळ आहे. कारणं तपासायची तर सगळ्यांची तपासू, आणि कसोटी एकच लावू: देव गेला, तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय गेलं?

डार्विनपासून सुरू करू. उत्क्रांती खरीच आहे. पण ती ज्याने खरोखर पचवली, त्याचा पहिला घाव कुठे पडायला हवा? तोंडातून ब्राह्मण आणि पायांतून शूद्र जन्मले, या पुरुषसूक्तातल्या गोष्टीवर. आकाशातला देव त्यानंतर. प्रत्यक्षात होतं उलटं. देव पहिल्या वर्षी जातो, सोयरीक मात्र जातीतच होते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं ५ टक्क्यांच्या आसपास निघाली. बंगाली वर्तमानपत्रांतल्या 'पात्र-पात्री' जाहिराती वाचा. ब्राह्मण, कायस्थ, वैद्य, सगळे आपापल्या रांगेत उभे. मध्येच कोणी उदार होऊन लिहितो, 'असवर्ण चलबे'. चालेल म्हणे! ज्यांना जातच माहीत नाही, त्यांना काय चालेल हे कसं कळतं?

बंगालीत आडनावाला 'पदवी' म्हणतात. खोली भाड्याने घ्यायला गेलो, तेव्हा घरमालकाने विचारलं, तुमची पदवी काय? मी म्हणालो, एम. कॉम. तो हसला आणि पुन्हा तेच विचारलं. त्यांना माझी कोणती पदवी हवी होती, हे मला तेव्हा कळलं. आपण रात्री जागून मिळवलेली पदवी एक, आणि जन्मताच चिकटलेली दुसरी. नास्तिकतेची परीक्षा या दुसरीपाशी आहे.

आईच्या मरणाने विश्वास उडाला, त्या मित्राचं कारण प्रामाणिक आहे. देव दयाळू असेल तर दुःख का, हा प्रश्न जगभर विचारला गेला. पण जातिव्यवस्थेने आपल्यासाठी त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं: पूर्वजन्मीचं कर्म. तू खाली आहेस कारण तू त्याच लायकीचा आहेस. म्हणून आपल्याला नुसता देव टाकून भागत नाही, हा हिशोबही फाडावा लागतो. सवर्ण नास्तिक देव टाकतो, हिशोब ठेवतो. फक्त त्याला आता 'गुणवत्ता' म्हणतो. गुणवत्ता हे पूर्वजन्मीच्या पुण्याचं नवं, सेक्युलर नाव आहे.

चुनी कोटाल हे नाव लक्षात ठेवा. लोधा शबर या आदिवासी समाजातली पहिली पदवीधर स्त्री. ब्रिटिशांनी हा समाज 'गुन्हेगार जमात' ठरवला होता. ती मेदिनीपूरच्या विद्यासागर विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होती. जातीवरून छळ होतो अशा तक्रारी करूनही तिला दाद मिळाली नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तिने जीव दिला. तेव्हा राज्यात पूजा-अर्चा मानणारं सरकार नव्हतं. डावी आघाडी होती.

म्हणून वारशाने नास्तिक झालेल्या मित्राकडे येऊ. वर्ग समजला की जात आपोआप जाईल, हा त्याच्या घरचा मंत्र. १९७७ ते २०११, चौतीस वर्षं इथे हा मंत्र चालला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये स्थापन झाला. त्याच्या पॉलिट ब्युरोत पहिला दलित माणूस, बंगालचेच रामचंद्र डोम, पोहोचला २०२२ मध्ये. देव नाकारणाऱ्या पक्षाला एका दलितासाठी जागा करायला अठ्ठावन्न वर्षं लागली. आणि बुद्धिवाद धर्माच्या राजकारणाला अडसर ठरतोच असं नाही, हे आपल्याकडे सावरकरांनी आधीच दाखवलं होतं. गाय हा उपयुक्त पशू म्हणायचं आणि हिंदुराष्ट्रही मागायचं, दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदलं.

राहिली माणुसकी. २०१९ मध्ये कोलकात्याच्या बेथून कॉलेजने प्रवेश अर्जातल्या धर्माच्या रकान्यात 'मानवता' हा पर्याय दिला. चांगली गोष्ट झाली. पुढच्याच वर्षी जादवपूर विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापक मरुना मुर्मू यांनी करोनाकाळातल्या परीक्षांना विरोध केला. त्यावर फेसबुकवर त्यांची आदिवासी ओळख आणि आरक्षण काढून त्यांना हिणवणारी विद्यार्थिनी याच बेथून कॉलेजची होती. तिच्या कॉलेजमधूनच तिचा निषेधही झाला, हेही सांगायला हवं. मुद्दा एवढाच की धर्माचा रकाना खोडणं सोपं आहे. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. आपल्यातला कोणी तो रकाना खोडतो, तेव्हा त्याला दाखल्याचा विचार करावा लागतो. सवर्ण नास्तिकाचं त्यात काही जात नाही.

इथे आणखी एक सोय आहे: पूजा म्हणजे धर्म नव्हे, संस्कृती. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला वारसा यादीत घेतलं, तेव्हापासून या बोलण्याला जोर चढला. २०२० मध्ये याच बेहालातल्या बारिशा क्लबने दुर्गा घडवली ती लॉकडाऊनमध्ये चालत निघालेल्या मजूर आईच्या रूपात, कडेवर उघडं पोर घेतलेली. त्या मूर्तीचे फोटो माझे नास्तिक मित्र अजून दाखवतात. मूर्ती सुंदरच होती. पण मंडपात मंत्र म्हणायला कोण बसतं आणि ढाक वाजवायला कोण उभं राहतं? पूजेआधी सियालदा स्टेशनाबाहेर ढाकी ढाक घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. बहुतेक सगळे दलित जातींमधले. त्यांना पाहिलं की मला हलगी ऐकू येते. देव मूर्तीतून निघून गेला म्हणता, मग जागा बदलल्या का नाहीत?

आता माझ्या 'रागा'कडे येतो. पुजारी वाईट म्हणून देव नाही, असं मी म्हणालोच नव्हतो. मी विचारतो, कोणता देव? तत्त्वज्ञानाच्या तासातला निर्गुण देव आमच्या गावात कधी राहायला आलाच नाही. गावात होता तो बाटणारा देव. माझ्या बापाच्या स्पर्शाने तो विटाळतो, हा त्याच्याबद्दलचा दावा होता. हा दावा तपासता येतो, आणि आपल्या माणसांनी तो तपासला. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. पाण्याला काही झालं नाही. सनातन्यांनी मग १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. सांगा, यात तर्क कोणाकडे होता आणि भावना कोणाकडे? माझ्या मित्राने डार्विन पुस्तकात वाचला. आपल्या लोकांनी प्रयोग केला आणि त्यासाठी डोकी फोडून घेतली.

आणि राग म्हणाल, तर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. रागाच्या भरात निर्णय घेणारा माणूस एकवीस वर्षं अभ्यास करत नाही. शेवटी निवडला तो धम्म, ज्यात जग घडवणाऱ्या ईश्वराला जागाच नाही.

सवर्ण घरात जन्मलेला माणूस या कसोटीला उतरू शकत नाही, असं मी म्हणत नाही. आंध्रचे गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, ब्राह्मण होते. नास्तिकतेपायी कॉलेजातली नोकरी गेली. १९४८ मध्ये सेवाग्रामला त्यांनी थोरल्या मुलीचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी लावलं. देवासोबत काय गेलं, ते तिथे दिसतं.

हीच कसोटी आपल्यालाही आहे. बुवाबाजीवर तावातावाने बोलणारा आपला पोरगा मांग-महार-चांभार यांच्यात सोयरीक निघाली की गप्प बसत असेल, तर त्याचाही देवच गेलाय, जात नाही. आणि आईच्या देव्हाऱ्यावर हसून कोणी बुद्धिवादी होत नाही. तिने नवस केले ते दवाखाना परवडत नव्हता म्हणून. तिच्याशी बोला. देवळाबाहेर थांबण्याबद्दल तिला जे माहीत आहे, ते कुठल्या पुस्तकात नाही.

तुमचं कारण अपमान असेल तर तेच सांगा, खाली मान घालून नव्हे. डार्विन जरूर वाचा, पण प्रवेशपत्र म्हणून नको. आणि समोरचा आपली नास्तिकता मिरवू लागला की वाद घालत बसू नका. एवढंच विचारा: देव सोडलास, बरं केलंस, जातीतलं काय सोडलंस?

जय भीम. जय लहुजी.