‘नाईस’ नावाचं खोटं नाणं

माणसानं आयुष्यात एकदा तरी कुणाशी उघड वैर धरावं. साहेबाशी धरता येत नाही, कारण त्याच्या हातात आपली रजा असते. बायकोशी धरता येत नाही, कारण तिच्या हातात आपला डबा असतो. म्हणून मी एका इंग्रजी विशेषणाशी धरलं आहे. ते विशेषण म्हणजे ‘नाईस’.

तुम्ही म्हणाल, त्या बापड्यानं तुमचं काय घोडं मारलं? सांगतो. पण बँकेत कुणाचंही खातं उघडण्यापूर्वी त्याची कागदपत्रं तपासायची आम्हांला सवय आहे. तेव्हा आधी या गृहस्थांची कागदपत्रं पाहू.

मी पडलो कॉमर्सवाला. डेबिट डावीकडे नि क्रेडिट उजवीकडे, एवढंच माझं भाषाज्ञान. तरी धीर करून कोश उघडला आणि उडालोच. हा शब्द मूळचा लॅटिन. ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण, ज्याला काही ठाऊक नाही असा! तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि १३०० सालाच्या सुमारास इंग्रजीत रुजू झाला, तो ‘मूर्ख’ या हुद्द्यावर. चौदाव्या शतकातल्या चॉसरनं तुम्हांला नाईस म्हटलं असतं, तर आभार मानायचं काही कारण नव्हतं. पुढे हा शब्द कधी नखरेल झाला, कधी लाजरा, कधी चोखंदळ. डॉ. जॉन्सननं १७५५ साली आपला कोश काढला, त्यात त्याचा पहिला अर्थ दिला तो बारीकसारीक गोष्टींतही अचूक पारख करणारा असा. हा अर्थ मला बेहद्द पसंत आहे. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा आमचा जुना हेडकॅशियर या अर्थी अस्सल नाईस होता.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याचा ‘छान, बरा, गोड’ हा अर्थ बोकाळला. जेन ऑस्टिनची ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी ती वारल्यानंतर, १८१७ च्या अखेरीस आली. तिच्यातली नायिका एका पुस्तकाला नाईस म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो. म्हणतो, म्हणजे बांधणी चांगली असणार! हवा नाईस, फेरफटका नाईस, मुलीही नाईस, सगळ्याला एकच शब्द, अशी त्याची तक्रार. म्हणजे माझ्या वैराला दोनशे वर्षांची परंपरा आहे. गंमत अशी, की हा शब्द मुळात बहुधा नीटनेटकेपणासाठीच असावा, असंही हे टिल्नीसाहेब सांगतात. मूळ अर्थ ‘अजाण’ आहे, याबाबतीत ते स्वतःच नाईस निघाले!

यावर आमचे विद्वान मित्र म्हणतील, “अहो, भाषा वाहती असते. अर्थ बदलायचेच.” मान्य. आपल्याकडे ‘दादा’ हा शब्द थोरल्या भावापासून निघाला आणि गुंडापर्यंत उतरला. मी कुठं तक्रार केली? थोरला भाऊ असो की गुंड, दादा म्हटलं की समोर कोणीतरी उभा राहतो. नाईस म्हटलं की कोण उभा राहतो? मूर्ख होता तेव्हा या शब्दाला काही काम तरी होतं. काटेकोर होता तेव्हा तर ओव्हरटाइम होता. बढती मिळाली आणि साहेब बिनकामाचे झाले. माझा आक्षेप बढतीला नाही, बिनकामाच्या खुर्चीला आहे.

आता माझं घोडं कसं मारलं ते सांगतो.

आमच्या शाखेतले दफ्तरी निवृत्त झाले. त्यांना सगळी शाखा दादाच म्हणायची. थोरल्या भावाच्या अर्थी. निरोपसमारंभात समोसा, वेफर्स, शाल, श्रीफळ. एकेक जण उठला आणि ‘नाईस माणूस’ म्हणून बसला. माझी पाळी आली. शाखेतला विनोदी वक्ता म्हणून माझी ख्याती. मी ऐटीत म्हणालो, “दादा वॉज अ व्हेरी नाईस मॅन.” ‘वॉज’! दादा समोर बसून समोसा खात होते.

रात्री झोप येईना. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर म्हाताऱ्यांची रांग लागते. अंगठा उठवून झाला की ओल्या फडक्यानं तो पुसून देणारे कोण? दादा. मशीनमधून निघालेल्या पासबुकावरचा आकडा आजीबाईंच्या कानाशी जाऊन मोठ्यानं वाचणारे कोण? दादा. नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेतात. एक आजोबा अंथरुणाला खिळलेले, तर आमच्या अधिकाऱ्याला आपल्या स्कूटरवर मागं बसवून त्यांच्या घरी नेणारे कोण? तेही दादाच. हे सगळं मी काउंटरच्या आतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. नेमकं बोलायच्या वेळी मात्र त्यातलं एकही आठवलं नाही. आठवायची गरजच पडली नाही, कारण नाईस तयार होता. कुठल्याही रकमेचा चेक त्यावर वटतो, खात्यात शिल्लक असो वा नसो.

म्हणून म्हणतो, हा शब्द चलनातून काढा. आणि काढणार नसाल, तर त्याचा जुना अर्थ तरी परत द्या. म्हणजे त्या दिवशीची आमची भाषणं खरी ठरतील. फक्त त्या भाषणांतला नाईस दादांकडून काढून आम्हां वक्त्यांकडे वळता करावा लागेल. तीस वर्षं समोर वावरणाऱ्या माणसाबद्दल ज्यांना काही ठाऊक नव्हतं, ते आम्हीच.

समारंभ संपल्यावर दादांनी माझा हात हातात घेतला होता. म्हणाले, “साहेब, छान बोललात.”

माझंच नाणं त्यांनी मला परत केलं. मी मुकाट्यानं जमा करून घेतलं.