शाश्वतता कुणाची, वारसा कुणाचा?

शाश्वत विकास, लोकवारसा आणि निसर्गाधारित रचना ह्या शब्दांची सध्या विद्यापीठीय जगात मोठी चलती आहे. देशोदेशीच्या विद्यापीठांतून ह्या नावांची संशोधन केंद्रे निघत आहेत. शब्द चांगले आहेत. त्यांच्याशी भांडण्याचे कारण नाही. परंतु सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या जिल्ह्यात असे केंद्र उभे राहावयाचे असेल, तर त्याचे संशोधन कुणाच्या प्रश्नांपासून सुरू होणार, हे आधी विचारले पाहिजे.

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. तोवर येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ, ह्याचा अर्थच असा की त्या जिल्ह्याच्या माती-पाण्याचे व श्रमाचे प्रश्न हा त्याचा पहिला अभ्यासविषय. २०१९ साली ह्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. अहिल्यादेवींची कीर्ती घाट, विहिरी, धर्मशाळा अशा लोकोपयोगी बांधकामांवर उभी आहे. नावाबरोबर जबाबदारीही येते.

लोकांना वगळून केलेल्या निसर्गरक्षणाचे काय होते, हे शिकण्यासाठी सोलापूरकरांना परदेशी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. नान्नजचे माळरान हा त्याचा गाभा. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातील गावे आणि शेते यांसह, कागदावर अभयारण्य बनले. शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचे व्यवहार अवघड झाले आणि पक्षी त्याला शत्रू वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. दरम्यान माळराने नांगराखाली गेली, ऊस पसरला आणि माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. ज्या धनगरांच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या वहिवाटीत हा पक्षी शतकानुशतके जगला, त्यांना सीमा आखताना कुणी विचारले नव्हते.

पाण्याची कथा याहून कठोर आहे. १९८० साली पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविते. ज्या जिल्ह्यात हे धरण आहे, त्याच जिल्ह्याच्या शहरातील कामगार वस्त्यांनी वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळाची वाट पाहिली. तळ्याकाठी झाडे लावून छायाचित्रे काढणे सोपे आहे. उजनीच्या पाण्याचा हिशेब मांडणे कठीण आहे, कारण तेथे ऊस, साखर आणि सत्ता यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले आहेत. ह्यावर असे म्हटले जाईल की विद्यापीठाने राजकारणात पडू नये. पाणीवाटपाविषयी मौन पाळणे हेही राजकारणच होय. ज्याच्या शेतापर्यंत कालवा पोहोचला, त्याच्या बाजूचे राजकारण.

वारशाचेही तसेच आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या सहकाऱ्यांसह सोलापूरचे तळे खोदले, असे परंपरा सांगते. शरणांनी श्रमाला ‘कायक’ म्हटले आणि त्याला पूजेचे मोल दिले. म्हणजे ह्या नगरीचा सर्वांत जुना वारसा खोदणाऱ्या हातांचा आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा कधीच थांबला. यंत्रमागावर चादर विणणारा पद्मशाली कामगार आणि घरी बसून विडी वळणारी स्त्री मात्र आजही राबत आहेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ती विणणाऱ्याच्या मजुरीत त्या मानांकनाने किती भर घातली, हे मोजल्याखेरीज वारशाचे संशोधन पुरे होत नाही.

रचनेचा प्रश्नही वस्तीतूनच उभा राहतो. कुंभारीजवळ असंघटित कामगारांनी दीर्घ लढ्यातून रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत मिळविली. त्यांतील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हाती आली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. घर हाच जिचा कारखाना, त्या विडी कामगार स्त्रीला छपराची धग दिवसभर सोसावी लागते. जुनी माळवदाची घरे थंड राहत, हे खरे; पण माळवदाला लाकूड लागते, दरवर्षी डागडुजी लागते. तो गारवा कामगाराच्या ऐपतीत कसा आणावा, सांडपाणी कसे जिरवावे, सावली कुठे धरावी, ह्यांची उत्तरे शोधणे ही खरी निसर्गाधारित रचना.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. अशा कोणत्याही केंद्राच्या सल्लागार मंडळात विणकर, विडी कामगार, मेंढपाळ व कोरडवाहू शेतकरी यांचे प्रतिनिधी बहुमताने असावेत. उजनीच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मराठी, तेलुगू व कानडीत प्रसिद्ध व्हावा. वस्तीत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष परिषदेत वाचण्याआधी त्या वस्तीच्या सभेत मांडले जावेत. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात; कामगारांची शिकलेली मुले त्या मतदारयादीत किती आहेत, ह्याची चौकशी कार्यकर्त्यांनी आजपासूनच सुरू करावी. नावे नोंदवावीत, प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावेत. ज्यांच्या करातून विद्यापीठ चालते, त्यांना हा अधिकार कुणाकडून मागून घ्यावयाचा नाही.