हिरड्यांचे दुखणे आणि पुराव्याचा शोध

गर्भारपणी हिरड्या सुजणे, दात घासताना रक्त येणे, ही गोष्ट आपल्या घरांना अपरिचित नाही. या काळात शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि दातांच्या मुळाशी साचणाऱ्या कीटणाचा त्रास हिरड्यांना नेहमीपेक्षा अधिक होतो. वडीलधाऱ्या बायका ‘चालायचेच’ म्हणून ही तक्रार बाजूला सारीत. अलीकडे मात्र तिला एक नवी धास्ती येऊन चिकटली आहे. हिरड्यांचा रोग असलेल्या स्त्रीला अपुऱ्या दिवसांचे मूल होते, असे कोठेतरी छापून येते. घरातील कोणीतरी ते वाचून दाखविते. आणि सातव्या महिन्यातील सुनेच्या मनात भीतीचे बीज पडते. जिचे मूल आधीच दिवस भरण्यापूर्वी जन्मले आहे, ती तर ‘मी दातांची हयगय केली म्हणून असे झाले’ असा दोष स्वतःच्या माथी घेते.

ही भीती थोड्याथोडक्या घरांची नव्हे. २०२० साली जगात अपुऱ्या दिवसांची सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्माला आली. त्यांपैकी ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातील होती. अशा प्रश्नाचे उत्तर ऐकीव गोष्टींवर सोपवून चालत नाही. ते कसे शोधावे, याचा आज आपण विचार करू.

पूर्वी असा शोध घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. अमेरिकेतील लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली वैद्यकीय लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिचे जाडजूड खंड मोठ्या ग्रंथालयांतच असत, आणि ते चाळावयाचे तर दिवसचे दिवस जात. त्या खंडांची छपाई २००४ साली थांबली. परंतु त्यापूर्वीच, १९९७ साली, तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘पबमेड’ या नावाने आपली संगणकीय सूची साऱ्या जगाला विनामूल्य खुली केली होती. आज तीत तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ती उघडू शकते.

दार उघडले, पण त्याबरोबर एक नवी अडचणही उभी राहिली. इतक्या लेखांतून जो पहिला हाती येतो, किंवा जो आपल्या मनातील भीतीशी जुळतो, तोच आपण खरा मानून बसतो. गर्भारपण आणि हिरड्या यांच्या बाबतीत ही चूक किती महाग पडू शकते, हे पुढील हकिगतीवरून ध्यानात येईल.

१९९६ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील स्टीव्हन ऑफेनबाकर आणि त्यांचे सहकारी यांनी १२४ मातांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांचे मूल अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे होते, त्यांच्यात हिरड्यांचा तीव्र रोग असण्याचा संभव इतर मातांच्या तुलनेने सातपटीहून अधिक दिसला. हिरड्यांतील जंतू किंवा तेथील दाहाची द्रव्ये रक्तावाटे गर्भाशयापर्यंत पोहोचत असावीत, अशी उपपत्तीही मांडली गेली. मग २००२ साली चिली देशातील सांतियागो शहरातून नेस्टर लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. हिरड्यांचा रोग असलेल्या ४०० गर्भवती स्त्रिया त्यांनी घेतल्या. निम्म्यांवर गर्भारपणी उपचार केले, निम्म्यांवर प्रसूतीनंतर. पहिल्या गटात अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण शेकडा सुमारे २ आढळले. दुसऱ्या गटात शेकडा सुमारे १०.

येथे जो वाचक थांबेल, तो म्हणेल की प्रश्न सुटला. परंतु २००६ साली ब्रायन मिखालोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील चार केंद्रांत ८२३ स्त्रियांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. गर्भारपणी उपचार झालेल्या स्त्रियांत दिवस भरण्यापूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाण शेकडा १२ होते. ज्यांच्यावर नंतर उपचार झाले त्यांच्यात शेकडा १२.८. म्हणजे फरक नाही म्हटले तरी चालेल. त्यानंतर २००९ साली सुमारे १,८०० स्त्रियांवरील आणखी एक चाचणी आली. तिच्यातही उपचारांनी अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत. या चाचणीचे प्रमुख लेखक कोण होते? तेच ऑफेनबाकर, ज्यांनी १९९६ साली हा संबंध प्रथम पुढे आणला होता. आपल्याच कल्पनेची कसून परीक्षा करावी आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो जगासमोर ठेवावा, ही शास्त्राची रीत आहे.

मग आधी दिसलेला संबंध खोटा होता काय? तसे नव्हे. दोन गोष्टी एकत्र आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी घडणे निराळे. तंबाखू, दारिद्र्य, अपुरे पोषण, वैद्यकीय मदतीचा अभाव ही कारणे हिरड्याही बिघडवितात आणि गर्भालाही बाधतात. संशोधक अशा कारणांचा हिशेब करतात. तरीही काही कारणे हिशेबाबाहेर राहतात. म्हणूनच चाचणीत जणू चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट पाडतात. कोणावर आधी उपचार व्हावेत हे डॉक्टरही ठरवीत नाही, रुग्णही ठरवीत नाही. त्यामुळे दोन्ही गटांत गरीब-श्रीमंत, सशक्त-अशक्त अशा स्त्रिया साधारणतः सारख्याच विभागल्या जातात, आणि मागाहून दिसणारा फरक उपचाराचाच, असे म्हणण्यास आधार मिळतो. शोध घेताना अशा चाचण्यांना अग्रस्थान द्यावे ते एवढ्याचसाठी.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. प्रथम प्रश्न नीट बांधावा. कोणाविषयी विचारावयाचे आहे? हिरड्यांचा रोग असलेल्या गर्भवती स्त्रियांविषयी. कोणता उपचार? दातांच्या मुळांची खोलवर सफाई. कोणाशी तुलना? ज्यांच्यावर तो उपचार गर्भारपणी झाला नाही त्यांच्याशी. कोणत्या परिणामाची? दिवस भरण्यापूर्वीच्या प्रसूतीची. हे शेवटचे अंग फार महत्त्वाचे. हिरड्यांची सूज उतरली, एवढेच एखाद्या चाचणीत मोजलेले असेल, तर तिच्यावरून बाळाविषयी काहीच निष्पन्न होत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. आपण सरसकट ‘पायोरिया’ म्हणतो. आजच्या वैद्यकीय लेखांत तो शब्द क्वचितच आढळेल. तेथे नुसत्या हिरड्यांच्या दाहाला ‘जिंजिव्हायटिस’ म्हणतात, आणि दातांना धरून ठेवणारे ऊतक व हाड झिजू लागले म्हणजे ‘पेरिओडोंटायटिस’. शोध इंग्रजीतून करावयाचा असल्याने ही दोन्ही नावे, आणि दोहोंना सामावून घेणारे ‘पेरिओडोंटल डिसीज’ हे नावही घालून पाहावे. एकाच नावाने शोधणारा अर्ध्या वाटेवरच थांबतो. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांसाठी सूचीत १९९१ पासून स्वतंत्र वर्ग आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

तरीही सारे काही हाती लागेल असे नाही. १९९४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, माहीत असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच चाचण्या संगणकीय सूचीतून तरबेज शोधकाच्या हाती लागत. म्हणून १९९३ साली ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी जुनी नियतकालिके पानन् पान चाळून चाचण्या टिपून काढल्या. एका प्रश्नावरील अशा सर्व चाचण्या गोळा करून, त्यांची प्रत जोखून ही मंडळी जो एकत्रित आढावा लिहितात, तो सामान्य वाचकाने प्रथम पाहावा. सुट्या लेखांकडे नंतर वळावे.

तिसरी गोष्ट न छापल्या गेलेल्या चाचण्यांची. यशाची वार्ता लवकर छापली जाते. अपयशाची पुष्कळदा कपाटात पडून राहते. हे टाळण्यासाठी चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद करण्याची पद्धत आली. आपल्या देशात २००७ साली ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही नोंदवही भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या आश्रयाने सुरू झाली. औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून सक्तीची झाली. ही नोंदवही कोणालाही विनाशुल्क पाहता येते. कोणती चाचणी कोठे सुरू आहे, ती काय मोजणार होती, हे तेथे कळते. जे मोजावयाचे ठरले होते तेच पुढे छापले गेले की नाही, हेही पडताळता येते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१७ साली कॉक्रेनने १५ चाचण्यांतील ७,१६१ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. हिरड्यांवरील उपचारांनी दिवस भरण्यापूर्वीच्या प्रसूती कमी होतात की नाही, हे या पुराव्यावरून स्पष्ट होत नाही, असा निष्कर्ष निघाला. अडीच किलोहून कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण उपचारांनी शेकडा १२.६ वरून ९.७ पर्यंत उतरत असावे असे दिसले. पण तो पुरावाही कमकुवत प्रतीचा ठरला. २००२ च्या एका चाचणीतील दोन आणि दहा हे आकडे पंधरा चाचण्यांच्या पंक्तीत बसविले, म्हणजे किती निराळे दिसतात पाहा.

यावरून हिरड्यांची हयगय करावी असे कोणी समजू नये. २००६ च्या त्या चाचणीत उपचारांनी स्त्रियांच्या हिरड्या निश्चित सुधारल्या, आणि माता अथवा बालक यांना त्यांपासून अपाय झाल्याचे आढळले नाही. गर्भारपणी दंतवैद्याकडे जाण्यास भिण्याचे कारण नाही, हा त्या चाचणीचा मोलाचा धडा होय. नित्याच्या सफाईचे महत्त्व तर डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५ सालीच दाखवून दिले होते. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ब्रश मऊ असावा, दात दिवसातून दोनदा घासावेत, रक्त येते म्हणून घासणे सोडू नये, आणि मिश्री किंवा गुडाखू यांसारखी तंबाखूची दंतमंजने घरातून हद्दपार करावीत. तंबाखू हिरड्यांना तर वाईटच. पोटातील बाळालाही ती घातक आहे.

घरात गर्भवती असेल, तर तिला दंतवैद्याकडे अवश्य न्या. परंतु तिच्या स्वतःच्या दातांसाठी न्या. ‘ही सफाई केली म्हणजे मूल पूर्ण दिवसांचे होईल’ असे सांगून कोणी पैसे मागू लागला, तर त्याला पुरावा विचारा. आणि त्याने एकच लेख पुढे केला, तर बाकीचे कोठे आहेत असे विचारा. ज्या मातेचे मूल लवकर जन्मले, तिला मात्र एवढे नक्की सांगा की, हिरड्यांवर वेळीच उपचार केले असते तर मूल पूर्ण दिवसांचे झाले असते, असे इतक्या चाचण्यांनंतरही शास्त्र सांगू शकलेले नाही. तो दोष तिने स्वतःकडे घेऊ नये, आणि घरातील इतरांनीही तो तिच्यावर लादू नये.