मोकळे हात, बंद दरवाजे

आजचा विषय जरा अवघड आहे. मला नाही, पण वाचणाऱ्यांपैकी काहींना तसा वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी आज ब्रेसियरवर लिहिणार आहे. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी इथेच थांबावे आणि राशिभविष्य वाचावे. पण घरात नोकरी करणारी मुलगी, सून, बहीण, पुतणी असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

त्याचे असे झाले. आमच्या सेक्शनमधली एक मुलगी (मुलगी म्हणजे एकोणतीस वर्षांची, पण मला ती मुलगीच) बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परत आली. घर सत्तरीत, नोकरी पणजीत. सकाळी साडेसातला घर सोडते ती संध्याकाळी साडेसहाला परत पोचते. अकरा तास. बाळ पाच महिन्यांचे. दिवसातून दोनदा ती एक कापडी पिशवी घेऊन टॉयलेटमध्ये जाते. पिशवीत दूध काढायचा विजेचा पंप असतो. पंपाला दोन नरसाळी, दोन्ही बाजूंना एकेक. ती दोन हातांनी धरून वीस मिनिटे बसायचे. टॉयलेटची कडी मोडलेली. दोन्ही हात नरसाळ्यांवर, मग दार कोणी धरायचे? तर मी. सरकारी नोकरीत वीस वर्षांहून अधिक काढल्यावर मला मिळालेले हे सर्वांत मानाचे काम, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

एके दिवशी ती हळूच म्हणाली, "ताई, हात न लावता पंप करायची ब्रा असते ना, ती घेऊ काय? कसली घ्यायची ते कळत नाही. सासूबाई म्हणतात, हे आणि कसले नवीन फॅड!" चोरीचा माल कुठे मिळतो असे विचारावे, तसा तिचा आवाज होता. त्या आवाजाने मी अस्वस्थ झाले आणि लिहायला बसले.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. कारण मराठीत ते कोणी सांगत नाही. बाळंतिणीने डिंकाचे लाडू कसे करावेत, अळिवाची खीर कशी करावी, बाराव्याला काय करावे, यावर आपल्याकडे पानेच्या पाने सापडतील. दूध कसे *येते* यावर आपण भरभरून बोलतो. येणाऱ्या दुधाचे साडेनऊ ते पावणेसहा काय *करायचे*, यावर मात्र अळीमिळी गुपचिळी!

तर ही एक साधी घट्ट काचोळी असते. पुढे दोन भोके किंवा दोन चिरा. त्यातून पंपाचे नरसाळे आत बसते आणि कापडच ते जागेवर धरून ठेवते. बाईचे हात मोकळे. बस्स, एवढेच. एक प्रकार नुसता पुढून चेन लावायचा, नेहमीच्या ब्रावर पंपापुरता चढवायचा आणि काढून ठेवायचा. दुसरा प्रकार दिवसभर घालता येतो. वरचे फडके क्लिपने उघडून बाळाला पाजता येते आणि आतल्या चिरेतून पंपही लावता येतो. कचेरीत जाणारीला दुसरा प्रकार सोयीचा, कारण ब्लाऊज किंवा कुर्ता पूर्ण काढावा लागत नाही. आता नुसत्या वाटीसारखे, ब्राच्या आतच बसणारे पंपही निघाले आहेत. त्यांना वेगळी ब्रा लागत नाही, पण कप खोल आणि ताणणारा हवा.

निवडताना काय पाहायचे? छातीखालचा घेर टेपने मोजायचा, आणि तो बाळंतपणाआधीचा नव्हे, दूध नीट बसल्यानंतरचा, कारण पहिल्या काही आठवड्यांत माप बदलत राहते. हुकांच्या तीनचार ओळी असलेली घ्यावी. घट्टपणा एवढाच हवा, की हात सोडला तर नरसाळे कलंडत नाही. त्याहून घट्ट झाली, दाब पडून वळ उठू लागले, तर दुधाच्या नळ्या तुंबतात, गाठी होतात आणि पुढे ताप येऊन स्तनदाहापर्यंत पाळी जाते. भोके बरोबर स्तनाग्रासमोर येतात की नाही ते पाहावे. नरसाळ्याचे मापही महत्त्वाचे. बऱ्याच पंपांबरोबर २४ मिलिमीटरचे येते, पण ते सगळ्यांना होत नाही. पंप करताना दुखत असेल तर ते सोसायचे नसते, माप बदलायचे असते. आणि आपल्या गोव्याच्या हवेत आतला कपडा सुतीच हवा. पावसाळ्यात काही वाळत नाही, ओलसर कापड अंगावर राहिले तर कातडी सोलवटते, म्हणून दोन तरी हव्यात, जमल्यास तीन.

परवडत नसेल तर? जुनी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, आरशासमोर घालून खूण करावी आणि खुणेवर लहानसे भोक पाडून कड शिवून घ्यावी. भोक नरसाळ्याच्या तोंडाहून लहानच ठेवावे, कापड ताणते. कित्येक जणी हेच करतात. आमच्या मुलीलाही शेवटी असेच करून दिले. शिवणाची मशीन माझी, ब्रा तिची.

आता लोक म्हणतील, एवढ्याशा चिंधीसाठी एवढा मोठा लेख? होय. कारण ही चिंधी चैनीची नाही. दूध हे जितके काढले जाते तितके तयार होते. ते काढले नाही तर शरीर समजते की गरज उरली नाही, आणि आटवू लागते. शिवाय नुसते ओढून ते येत नाही, त्यासाठी पान्हा फुटावा लागतो. हा शब्द आपल्या भाषेचे वैभव आहे. डॉक्टर ज्याला ऑक्सिटोसिनचे काम म्हणतात, ते आपल्या आज्यांनी दोन अक्षरांत सांगून ठेवले. आणि पान्हा भीतीने, घाईने, शरमेने अडतो, हेही त्यांना माहीत होते. ज्या बाईचे अर्धे लक्ष मोडक्या कडीकडे आहे, तिला पान्हा फुटणार कसा? दोन्ही बाजू एकदम, हात मोकळे, पाठ टेकलेली, असे बसता आले तर पंधरावीस मिनिटांत काम होते. एकेक बाजू धरून बसले तर वेळ जवळजवळ दुप्पट.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. "पूर्वीच्या बायकांनी कुठे पंप लावले? आम्ही नाही वाढवली मुले?" वाढवलीत ना! पण पूर्वीची बाई बाळ सोडून अकरा तास कुठे जात होती? ती शेतात गेली तर बाळ बांधावरच्या झोळीत. घरात असली तर पाळणा चुलीपासून दहा पावलांवर. अंगातली चोळी पुढून गाठीची, एका हाताने सुटणारी. म्हणजे पूर्वीच्या बाईचे कापडही या कामासाठी बेतलेले होते! फॅड फॅड म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, ती त्या गाठीच्या चोळीचीच नात आहे. फरक एवढाच, की आता दुधाला सत्तरी ते पणजी असा प्रवास करावा लागतो. आणि पंप तरी नवा कुठे आहे? एडवर्ड लास्कर नावाच्या बुद्धिबळपटू अभियंत्याने विजेच्या पंपाचे पेटंट घेतले ते १९२०च्या दशकात. शंभर वर्षे झालेली वस्तू आपल्याला अजून 'कसले हे नवीन' वाटते.

दुसरा आक्षेप: "पावडरचे दूध आहे की!" ज्या आईला दूध येत नाही, किंवा जिला पाजायचे नाही, तिला पावडर आहे आणि तिच्यावर कोणी बोट दाखवू नये. पण जिला येते आहे आणि जिला द्यायचे आहे, तिचे दूध केवळ मोडक्या कडीपायी आटावे? सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि पुढे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत व त्यानंतरही वरच्या अन्नाबरोबर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाची पोस्टरे लागतात, भाषणे होतात, चहासमोसे होतात. पोस्टर लावलेल्या भिंतीमागे टॉयलेटात बसून कोणी तरी पंप धरून आहे, याचा वक्त्यांना पत्ता नसतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, आमिष आहे, आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. या ब्राच्या जाहिराती पाहा. बाई हसतमुख, पंप चालू, आणि मोकळे झालेले हात लॅपटॉपवर! म्हणजे हात मोकळे झाले ते कोणासाठी? साहेबासाठी? उद्या कोणी म्हणेल, "मॅडम, आता हात मोकळेच आहेत तर बसल्या बसल्या ही दोन पत्रे टाईप करा." छे! हे मुळीच मान्य करायचे नाही. मोकळ्या हातांनी तिने पेलाभर पाणी प्यावे, चपातीभाजी खावी, फोनवर बाळाचा फोटो बघावा. तो बघूनही पान्हा फुटायला मदत होते. नाही तर नुसते मांडीवर ठेवावेत. ते हात तिचे आहेत.

आणि ही काही मेहेरबानीची गोष्ट नाही. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुटी, ही तरतूद १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात होती. २०१७च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आले. या तरतुदी आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. सरकारी नोकरांचे रजेचे नियम वेगळे. केंद्राच्या नियमांत प्रसूती रजा २००८च्या सप्टेंबरपासून १३५ची १८० दिवस झाली. सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी जागा असावी हा केंद्राचा सल्ला राज्यांनी अमलात आणावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये सांगितले. तिकडे अमेरिकेने २०१०च्या कायद्यात स्पष्ट लिहिले, की दूध काढायला दिलेली जागा टॉयलेट असता कामा नये. पाहा, तिथेही हे *लिहावे* लागले!

आम्ही काय केले? मी फाईलवर टिपण मांडले. एक रिकामी खोली, एक खुर्ची, एक प्लग पॉइंट, एक बेसिन आणि आतून लागणारी कडी. फ्रिज मागितला नाही, तो साहेबांच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आहेच, त्यात एका डब्यापुरती जागा होईल, असे लिहिले. फाईल सहा टेबले फिरली आणि 'जागेअभावी शक्य नाही' असा शेरा घेऊन परत आली. त्याच महिन्यात मोडक्या खुर्च्या ठेवण्यासाठी एक खोली रिकामी करण्यात आली. मोडक्या खुर्च्यांना खोली मिळाली, असो. आता ती मुलगी बर्फाच्या पिशव्या घालून थंड डबा आणते. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते म्हणतात, पण आमच्याकडे एप्रिलमध्ये २५ अंश कुठे बघायला मिळतात?

मला माझे २००६ साल आठवते. रजा १३५ दिवसांची, पंप ठाऊक नव्हता. दुपारी छाती दगडासारखी व्हायची. मी जेवणाच्या सुटीत बेसिनवर वाकून हाताने दूध पिळून टाकायचे आणि नळ सोडायचे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. घरी मुलगा वाटीचमच्याने दुसरे दूध पीत असायचा आणि त्याचे दूध मी नाल्यात सोडत असायचे. तीन आठवड्यांत ते आटले. घरचे म्हणाले, "आटले तर आटले, नोकरी आहे ना." मी कोणाला काही बोलले नाही. आज बोलते.

आपल्याला हिरकणी फार आवडते. शाळेत धडा, नाटकात प्रवेश, भाषणात दाखला. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, खाली बाळ भुकेले, म्हणून कडा उतरून गेली. धन्य ती माऊली! मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्या गोष्टीत एक पहारेकरीही आहे, त्याच्याकडे आपले लक्षच जात नाही. दरवाजा बंद होता म्हणून तिला कडा उतरावा लागला. गडाला तिच्या घागरीतले दूध हवे होते, पण तिच्या बाळाचे दूध हा तिचा खासगी प्रश्न होता. शेकडो वर्षे आपण कड्याचे कौतुक करतो आहोत. दरवाजा किलकिला ठेवायचे कोणाला सुचले नाही. महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' झाले, तिचे नाव निदान एका दारावर लागले, हे चांगलेच झाले. आमच्या कचेऱ्यांत तिचे नाव फक्त महिला दिनाच्या भाषणात येते.

आणि शेवटी आपल्या माणसांना एक सांगणे. मराठीसाठी आपण गोव्यात उभा जन्म भांडलो. पण जी भाषा आपल्या लेकीला ब्राचे माप कसे घ्यावे हे सांगताना लाजते, ती भाषा लेक कशाला वाचेल? ती इंग्रजीत शोधेल, आणि मग आपण म्हणू, नवी पिढी मराठी वाचत नाही!

म्हणून एवढेच करा. घरात कोणी रजेवरून कामावर परत जाणार असेल तर तिला लाडवांच्या डब्याबरोबर ही एक ब्रा द्या, दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून नव्हे, उघड पिशवीत. आणि तुम्ही कोणत्याही कचेरीत सही करायच्या खुर्चीवर असाल, तर एक खोली शोधा. खोली नाहीच मिळाली तर निदान कडी दुरुस्त करून घ्या. सुताराचे अर्ध्या तासाचे काम आहे.

तोवर दार धरायला मी आहेच.