परक्याचा ताल, आपली वाणी

रॉक हा शब्द उच्चारतांच आमच्या वाचक-कुटुंबांतील वडील मंडळी दिवाणखान्याचें दार लोटून घेतात, आणि तरुण मंडळी कानांत बोंडें घालून आपापल्या कोपऱ्यांत जातात, हें आम्ही जाणतों. म्हणून आजचें सदर या विषयावर खर्ची घालतांना दोन्ही पक्षांपाशीं थोडी सबुरी मागून घेतों. आम्हांस लिहावयाचें आहे तें स्पॅनिश भाषेंत गाइलेल्या रॉकविषयीं. गेलें वर्षभर आम्ही तें ऐकत आहों; प्रथम कुतूहलानें, नंतर आवडीनें, आणि हल्लीं तर शेजारीं कोश उघडून. आर्जेंटिना म्हटलें म्हणजे आपल्याकडील वयस्कांस रवींद्रनाथ १९२४ सालीं व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या आतिथ्यांत सान इसिद्रो येथें राहिले होते त्याची आठवण होते, व मुलांस फुटबॉल आठवतो. त्या देशाच्या तरुणांनीं गेल्या साठ वर्षांत काय गाइलें याची वार्ता मात्र आपल्या घरांत फारशी पोंचलेली नाहीं.

या संगीताच्या कुळकथेंत एक भाषिक पेंच आहे. रॉकचा ठेका इंग्रजीच्या अंगानें वाढला. इंग्रजींत एकाक्षरी शब्दांचा सुकाळ. ओळीच्या शेवटीं असा एक शब्द आणून आपटला कीं ढोलाचा ठोका व शब्दाचा आघात एकाच क्षणीं पडतात. स्पॅनिशची चाल निराळी. तिच्यांत स्वर पांचच, शब्द बहुधा दोन-तीन अक्षरांचे, आणि आघात बहुशः उपान्त्य अक्षरावर. त्यामुळें ओळ शेवटीं हलकेंच उतरते, लाट वाळूंत जिरावी तशी. १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या मुलानें व्हेराक्रूझ प्रांताचें 'ला बाम्बा' हें लोकगीत विजेच्या गिटारवर गाऊन दाखविलें होतें खरें. पण तें जुनें, घडीव लोकगीत होतें, आणि त्या मुलास स्वतःस स्पॅनिश फारशी बोलतां येत नसे. पुढच्याच वर्षीं विमान-अपघातांत तो गेला. नंतर १९६० च्या सुमारास मेक्सिकोंतील 'टीन टॉप्स' आदि मंडळ्या अमेरिकन गाण्यांचीं स्पॅनिश रूपांतरें करूं लागल्या, तेव्हां हा पेंच पदोपदीं आडवा येऊं लागला. क्रियापदाचें मूळ रूप आणि भविष्यकाळाचीं बहुतेक रूपें अंत्याक्षरावर आघात घेतात; तीं ओळीच्या शेवटीं बसविलीं कीं काम भागतें. सुदैवानें त्या भाषेंत प्रेम व हृदय हे दोन्ही शब्दही अंत्याघाती आहेत. गीतकारास याहून अधिक काय हवें! माधव जूलियन यांची 'गज्जलांजलि' ज्यांनीं वाचली आहे त्यांस, परभाषेचें वृत्त आपल्या लघुगुरूंत बसवितांना शब्दाची कशी ओढाताण होते, हें वेगळें सांगावयास नको.

परंतु रूपांतर तें रूपांतरच. खरें वळण लागलें तें ब्वेनोस आयरेस शहरांत, १९६७ सालीं. आदल्या वर्षीं सेनापति ओंगानिया यांनीं तेथील सत्ता बळकावली होती. केंस लांब राखले एवढ्या कारणावरूनही पोलीस तरुणांस चौकीवर नेत. शहराच्या ओन्से नांवाच्या वस्तींत 'ला पेर्ला' म्हणून एक उपाहारगृह होतें. गाण्याबजावण्याच्या नादाचीं पोरें तेथें रात्री घालवीत. तेथील शौचगृहांत, गिटार घेऊन बसलेल्या तांगितो व लितो नेबिया या दोघांनीं 'ला बाल्सा', म्हणजे तराफा, हें गाणें रचलें. नेबियाचें वय त्या वेळीं अवघें अठरा. त्याच्या 'लोस गातोस' या मंडळीनें तें ध्वनिमुद्रित केलें आणि दोन लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. एकटा पडलेला मनुष्य तराफा बांधून दूर निघून जाऊं पाहतो, एवढाच त्याचा विषय. दुसऱ्या देशाच्या गाण्याची नक्कल न करतां, आपल्या शहरांतला एकटेपणा आपल्या भाषेंत सांगतां येतो, आणि तो लक्षावधि लोकांस आपला वाटतो, हें त्या दिवसांपासून सिद्ध झालें. तांगितोच्या पदरीं मात्र यश टिकलें नाहीं. १९७२ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, तो आगगाडीखालीं सांपडून मेला.

यानंतर आला लुईस आल्बेर्तो स्पिनेता. सर्व नांवांत आम्हांस हें नांव अधिक प्रिय, म्हणून येथें थोडें रेंगाळतों. 'आल्मेंद्रा', म्हणजे बदाम, ही त्याची पहिली मंडळी. १९६९ च्या सुमारास तिची जी पहिली तबकडी निघाली तिच्यांत 'मुचाचा' हें गाणें आहे. कागदी डोळ्यांच्या मुलीस उद्देशून, बहुतेक केवळ गिटारच्या साथीवर गाइलेलें. शेवटीं आघात हवा म्हणून शब्द मुरडण्याच्या भरीस स्पिनेता पडला नाहीं. शब्द जेथें उतरतो तेथें त्यानें सूरच उतरविला. येथें भाषेचा दोष म्हणून मानलेला गुण गाण्याचा प्राण होतो. ज्यांना रॉक म्हणजे केवळ कोलाहल वाटतो अशा वडील मंडळींनीं हें एक गाणें ऐकावें, अशी आमची विनंति आहे. त्या तबकडीच्या वेष्टनाचीही कथा गमतीची आहे. डोक्यास खेळण्यांतला बाण चिकटलेला व डोळ्यांतून अश्रु ओघळणारा एक मनुष्य स्पिनेतानें स्वतः रेखाटला होता. प्रकाशकांनीं तें चित्र केरांत टाकलें. त्यानें पुन्हा पहिल्यापासून काढून दिलें, आणि तेंच छापावयास लावलें. कलावंताचा हट्ट असावा तर असा.

१९७६ सालीं आर्जेंटिनांत पुन्हा लष्करी राजवट आली, ती १९८३ पर्यंत टिकली. या काळांत माणसें घरांतून उचलून नेलीं जात आणि पुन्हा दिसत नसत. पुढें नेमलेल्या चौकशी-मंडळानें अशा जवळजवळ नऊ हजार व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्कांसाठीं झगडणाऱ्या संस्था तो आंकडा तीस हजार मानतात. अशा वेळीं गाणाऱ्यानें काय करावें? चार्ली गार्सिया याच्या 'सेरू हिरान' या मंडळीनें १९८० सालीं लहान मुलांच्या आलिसच्या गोष्टीचा आडोसा घेतला. गाण्यांत वॉलरस आहे, कांसव आहे. आणि ऐकणारास ठाऊक होतें कीं, मिशाळ ओंगानिया यांस लोक वॉलरस म्हणत, व त्यांनीं ज्यांस पदच्युत केलें त्या अध्यक्षांस कांसव. परीक्षकांच्या टेबलावरून गाणें सुखरूप पार झालें, आणि ज्याला समजावयाचें त्याला समजलें.

१९८२ च्या एप्रिलांत त्याच लष्करानें माल्विनास बेटांवर सैन्य उतरविलें व इंग्लंडशीं युद्ध जुंपलें. आकाशवाणीवरून इंग्रजी गाणीं बंद झालीं. रिकामे झालेले तास भरावयाचे कशानें? ज्या पोरांस कालपर्यंत चौकीवर नेत होते त्यांच्याच तबकड्या आतां दिवसभर वाजूं लागल्या. ता. १६ मे रोजीं राजधानींत एक मोठा जलसा झाला. प्रवेशास पैसे नव्हते, सैनिकांसाठीं उबदार कपडे, खाद्यपदार्थ किंवा सिगारेटी आणावयाच्या. स्पिनेता, गार्सिया, लेओन हिएको, सारे तेथें गाइले. हिएकोनें १९७८ सालचें आपलें 'सोलो ले पिदो आ दिओस' हें गाणें म्हटलें. तें देवाची करुणा भाकणारें आहे आणि युद्धाच्या उघड विरुद्ध आहे. जलसा कोणाच्या उपयोगी पडला, राजवटीच्या कीं शांततेच्या, यावर अद्याप वाद आहे. 'व्हिरुस' या ला प्लाता शहरच्या मंडळीनें त्यांत भाग घेण्यास नकार दिला. तींतील मोउरा बंधूंचा भाऊ होर्खे १९७७ सालीं नाहींसा झालेला होता. जे गाइले त्यांस आम्ही दोष देत नाहीं. आघाडीवर गेलेलीं मुलें त्यांच्याच वयाचीं होतीं. तथापि घरांतला मुलगा ज्यांनीं नेला त्यांच्या व्यासपीठावर पाय न ठेवणें हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. जून महिन्यांत युद्ध हरलें, पुढच्या वर्षीं राजवट गेली; इंग्रजी गाणीं परतलीं, पण स्वभाषेंतल्या गाण्यानें मिळविलेली जागा सोडली नाहीं.

शेजारच्या चिले देशांतही पिनोचे यांची हुकूमशाही १९७३ पासून १९९० पर्यंत चालली. तेथील 'लोस प्रिसिओनेरोस', म्हणजे कैदी, हे सान्तियागोच्या सान मिगेल भागांतले तिघे शाळासोबती. त्यांचें १९८६ सालचें 'उरलेल्यांचें नृत्य' असें ज्याचें नांव सांगतां येईल तें गाणें कुत्र्याच्या भुंकण्यानें सुरू होतें. शाळेंत मन लावून शिका म्हणजे भलें होईल, असें ज्यांस सांगण्यांत आलें व शिकून झाल्यावर ज्यांच्यासाठीं जागाच नव्हती, त्या मुलांचें तें गाणें आहे. आपल्याकडील किती घरांत हें गाणें भाषांतराशिवाय समजेल! २०१९ सालच्या आंदोलनांत तेंच गाणें रस्त्यारस्त्यांतून पुन्हा गाइलें गेलें. गाणारांपैकीं पुष्कळांचा जन्मही १९८६ नंतरचा.

मेक्सिकोची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९७१ च्या आवान्दारो येथील मोठ्या जलशानंतर सरकारनें या संगीतास जवळजवळ वाळीत टाकलें, आणि तें कित्येक वर्षें गरीब वस्त्यांतील गोदामांत व छपरांखालीं जगलें. त्या देशांतील अतिशय खपलेलीं पुष्कळ गाणीं आम्हांस पाकांत टाकलेल्या पाकासारखीं वाटतात. परंतु 'काफे ताकुबा' यांचा १९९४ सालचा 'रे' हा वीस गाण्यांचा संग्रह मात्र अपूर्व आहे. त्यांत गांवच्या जत्रेचे ताल, जुनी प्रेमगीतें व विजेचीं वाद्यें एका पंक्तीस बसतात आणि कोणी कोणाचा विटाळ मानीत नाहीं. त्याचा निर्माता गुस्ताव्हो सान्तओलाया हा मूळचा आर्जेंटिनाचाच.

या संगीतांत मद्य आहे, मादक द्रव्यें आहेत, पोकळ आरडाओरडही आहे. तें आम्ही लपवीत नाहीं, आणि तें घरांत यावें असेंही म्हणत नाहीं. निवड करावी लागते. आरंभ करणारांनीं प्रथम स्पिनेताचें 'मुचाचा', मग हिएको, मग 'रे' असा क्रम ठेवावा. घरांतील मुलांस मोठा आवाजच हवा असेल तर 'सोदा स्तेरेओ' यांचा १९९० सालचा 'कान्सिओन आनिमाल' द्यावा. त्यांचा गायक गुस्ताव्हो सेराती २०१० सालीं काराकास येथें गाऊन उतरल्यावर मेंदूच्या झटक्यानें जो निजला तो चार वर्षें उठला नाहीं, आणि २०१४ त वारला. शब्दार्थ ठाऊक नसतांना एकदां ऐकावें, मग अर्थ वाचून पुन्हा. कानांतलीं बोंडें मात्र काढून ठेवावींत, आणि जेवणें आटोपल्यावर सर्वांस ऐकूं येईल असें माजघरांत लावावें.